लिहून बोलणारी डॉक्टर

संत तुकाराम नगर, पिंपरी
१४ जुलै २०२४

प्रिय उद्धव,

जय भीम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. मी आजारी होतो. आता उतार पडतोय, म्हणून लिहितोय. दुखणं चालू असताना लिहिलं असतं तर तू सुमनवहिनींना तिथं टाकून पिंपरीला यायच्या गोष्टी केल्या असत्यास.

दुखणं पोटाचं. नाइट शिफ्ट केल्या तेव्हापासून माझं पोट कधी धड नव्हतं, हे तू बघितलंयस. पण या हिवाळ्यात हद्द झाली. दिवसातून सात-आठ वेळा जायचं, वर रक्त. आमच्या लेकीच्या, मैत्रीच्या, नणंदेच्या लग्नात पंगतीतून उठावं लागलं आणि वेळेवर पोहोचलो नाही. त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं. कस्तुरा म्हणायची, गच्चीवर तरी जा. मी गच्चीवरही जात नव्हतो.

शेवटी मैत्रीनंच फोनवरची डॉक्टर लावून दिली. हसू नकोस. दर पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरात डब्याला टेकवून फोन उभा करायचा, की डॉ. प्राजक्ता म्हणून एक तरुण बाई दिसतात. मोठ्या आतड्याला सूज आहे म्हणाल्या. पहिल्या दिवशी मैत्रीनं त्यांना सांगितलं, बाबांना ऐकू येत नाही, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकायच्या आवाजानं कान गेलेत. बाई जरा थांबल्या आणि पडद्यावर खालच्या बाजूला मराठी अक्षरं उमटायला लागली. ‘काका, सावकाश सांगा. मी लिहून विचारते.’

उद्धव, इतक्या वर्षांत दवाखान्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर ओरडायचे, मग कस्तुरा ओरडायची, आणि माझं पोट कसं आहे ते सगळ्या रांगेला कळायचं. आता मी, बाई आणि ती अक्षरं. लाज वाटत नाही. गोळ्या घरपोच येतात. कुठं जावं लागत नाही.

तुझा डावा कान अजून थोडा शिल्लक आहे ना? वहिनी कशा आहेत?

तुझा
अण्णा


बोरगाव, ता. औसा
४ ऑगस्ट २०२४

अण्णा,

रामराम. पत्र वाचून आधी लई राग आला. एवढं रक्त जाईपर्यंत मला एक ओळ लिहिली न्हाईस. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि बरं वाटलं. बाई लिहून बोलती हे मला फार आवडलं. आपल्या दोघांना आयुष्यात असा एक तरी सुपरवायझर मिळाला असता, तर निम्मी भांडणं झाली नसती.

डावा कान पण गेला. पोराचा, सुजितचा, फोन आला की मी आपला ‘हां, बरं, हां’ करतो. तो काय बोलला ते सुमन सांगती, पण तिचं तुला ठाऊक हाय. अंगावरनं वारं गेल्यापासून उजवी बाजू लुळी, आणि बोलणं म्हंजे दिवसाकाठी चार शब्द. ती खुणेनं सांगती, मी अंदाजानं समजतो. चाललंय. सकाळी तिला उठवून बसवायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं. दुपारी उन्हाला बसवायचं. माझ्याबिगर ती कुणाच्या हातचं पाणी पीत न्हाई. सुजित म्हणतो, चाकणला या, चौथ्या मजल्यावर फ्लॅट हाय, लिफ्ट हाय. मी म्हणतो बघू.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत.

एक काम कर. त्या बाईनं तुला काय खायला सांगितलं, काय सोडायला सांगितलं, ते नीट सविस्तर लिही. मला इथं करमत न्हाई, वाचायला बरं वाटंल. कस्तुरावहिनीला नमस्कार.

उद्धव


संत तुकाराम नगर, पिंपरी
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय उद्धव,

तुझं पत्र कस्तुराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या पथ्यात करमणूक शोधणारा माणूस पहिल्यांदा बघितला. पण तू मागितलंस म्हणून लिहितो.

तिखट बंद, चहा निम्मा, दूध बंद. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दुधी, भोपळा. भाकरी सध्या नाही. एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. काय खाल्लं आणि पोट कसं राहिलं ते रोज फोनमध्ये भरायचं. ते मैत्री संध्याकाळी कंपनीतून सासरी जाताना इथं थांबून भरते. बाई तिकडं बसून ते वाचतात आणि गोळी कमी-जास्त करतात.

आणि फरक पडलाय, राव. रक्त थांबलं. परवा मी एकटा काळेवाडीच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि आलो. जाताना कुठं सोय आहे, कुठं नाही, हे शोधत गेलो नाही. घरी आल्यावर कस्तुरानं माझ्यासाठी निम्मा कप चहा टाकला.

मला वाटतं, पुढं सगळं असंच होणार. दवाखान्याच्या पायऱ्या चढायलाच नकोत. तुझ्यासारख्यानं, ज्याला घर सोडता येत नाही, त्यानं तर हेच करावं. वहिनींसाठीही विचारून बघू का?

तुझा
अण्णा


बोरगाव
६ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

तू काळेवाडीच्या पुलापर्यंत गेलास हे वाचून मी सुमनला सांगितलं. ती हसली. तिला तू आवडतोस.

तुझं पथ्य गंमत म्हणून मी पण करून बघितलं. मऊ भात, मुगाचं वरण. बरं पडतं. भाकरी आताशा छातीत बसल्यासारखी होती, भाताचं तसं न्हाई. थोडं थोडं खायचं हे तर मला आधीपासूनच जमत होतं, दोन घासांत पोट भरतं. वय झालं. अंगावरचं मांस पण उतरलंय, त्यानं सुमनला उचलताना मात्र दम लागतो. पण हलकं वाटतं. तुझ्या बाईचे आभार मान.

आमच्या शेजारी मालोजी म्हणून हाय. त्याचं पण पोटाचंच काहीतरी हाय. त्याला डांबरासारखी काळी संडास होती, आणि जेवलेलं कधी कधी वर येतं. तो काही दवाखान्यात जायचा न्हाई, घरची अडचण हाय. तुझी बाई एवढी चांगली हाय, तर सहज विचार. त्यानं कुठली गोळी घ्यावी? इथं औशाला दुकानात मिळंल अशी असली तर बरं. त्याचं नाव सांगू नको, लाजाळू माणूस हाय.

उद्धव


संत तुकाराम नगर, पिंपरी
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय उद्धव,

हे पत्र मिळाल्याबरोबर उठ आणि मालोजीच्या घरी जा.

काल बाईंना विचारलं. माझं झाल्यावर, सहज. एरवी त्या पटपट टाइप करतात. काल आधी वही उघडली. मग विचारलं, वय किती? वजन उतरलंय का? कधीपासून? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. तेव्हा त्यांनी लिहिलं ते मैत्रीनं कागदावर उतरवून घेतलं, तसंच देतो: ‘हे फोनवर बघून औषध देण्यासारखं दुखणं नाही. काळी संडास म्हणजे आत वरच्या बाजूला रक्त जात असणार. त्यांना लगेच दवाखान्यात न्या. तोंडातून दुर्बीण घालून जठर बघावं लागेल. कुठलीही गोळी आपल्या मनानं देऊ नका.’

मी म्हटलं, माझं तर तुम्ही फोनवरच बरं केलंत. त्यावर त्यांनी लिहिलं, ‘काका, तुमची दुर्बीण आधी झाली होती.’

ते खरं आहे. तुला ते लिहिलं नव्हतं. फोनवरची डॉक्टर लागायच्या आधी मार्चमध्ये मला दवाखान्यात निजवून मागच्या बाजूनं दुर्बीण घालून आतडं तपासलं होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला होता. नंतरचं सगळं घरून झालं, पण दुखणं काय आहे ते तिथंच कळलं. ही गोष्ट मी कस्तुरा आणि मैत्रीशिवाय कुणाशी बोललो नाही. पत्रात तर हात वळेना. पण मालोजीला सांग. काही होत नाही म्हणावं, झोपेचं औषध देतात.

तो नाही म्हणाला तर सुजितला सांगून त्याला गाडीत घाल. घरची अडचण असली तर माणूस लावता येईल. उत्तर लगेच पाठव.

अण्णा


संत तुकाराम नगर, पिंपरी
३ नोव्हेंबर २०२४

उद्धव,

दिवाळी सरत आली, तुझं पत्र नाही. बाईंनी परवा विचारलं, ‘तुमच्या मित्राच्या शेजाऱ्यांचं काय झालं?’ मी म्हटलं, पत्राची वाट बघतोय.

मी तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. मालोजीचं दुखणं मी आता दोनदा वाचलं, आणि त्याच्या वरचं तुझ्या भाकरीचं, तुझ्या दमाचंही वाचलं.

मला फक्त एवढं लिही, की तू ठीक आहेस.

अण्णा


बोरगाव
१२ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

मालोजी चार वर्षांपूर्वी वारला. त्याचं नाव वापरलं म्हणून तो रागावणार न्हाई, भला माणूस होता.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून गादीखाली ठेवलं. सुमनला न्हाऊ घातलं. विचार केला, मी लातूरला दवाखान्यात पडलो तर हिला उचलणार कोण? एक दिवस कुणीतरी उचलंल, दोन दिवस उचलंल. तुझ्या बाईकडून गोळी मिळाली असती तर घर सोडायची वेळ आली नसती, म्हणून विचारलं होतं. दुसरं काही न्हाई.

दिवाळीला सुजित आणि सूनबाई तनुजा आले. सुजितनं माझ्यासाठी शर्ट आणला होता, नेहमीच्या मापाचा. मी घातला तर खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. सुजित म्हणाला, आबा, हे काय? मी म्हटलं, पथ्य करतोय, अण्णाबरोबर. तेव्हा सुमन बोलली. ‘जेवत न्हाई.’ एवढंच म्हणाली, पण पुन्हा पुन्हा म्हणाली. डाव्या हातानं ताट दाखवायची, मला दाखवायची, आणि म्हणायची, जेवत न्हाई. तिला सगळं ठाऊक होतं, अण्णा. मी तिला भरवायचो आणि माझं ताट गाईला घालायचो, ते ती रोज बघत होती. तिला सांगता येत नव्हतं.

सुजितनं तुझ्या मैत्रीकडून नंबर घेऊन बाईला फोन लावला. मला पण तिनं लिहूनच विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचं ठरवलं होतं. पण समोर अक्षरं दिसली की तसं बोलवत न्हाई. सगळं सांगितलं. तिनं लिहिलं, ‘मी इथून तुमच्या पोटाला हात लावू शकत नाही. जो हात लावू शकेल त्याच्याकडे या. मी चिठ्ठी देते.’

शनिवारी निघतोय. सुमनला पण घेऊन. गाडीत मागं गादी टाकणार. म्हंजे शेवटी चाकणच.

उद्धव


चाकण
९ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तू म्हणशील, गेल्या रविवारीच भेटलो आणि हा गडी पत्र का लिहितो. आपण दोघं पाटीवर लिहून बोलतो खरं, पण ती पाटी सुजित वाचतो, तनुजा वाचती, आणि सुमन तर ती पुसायच्या आधी बघती. काही गोष्टी तिथं लिहिता येत न्हाईत.

दवाखान्यात डिसेंबरभर तू माझ्याबरोबर बसलास. दुर्बिणीच्या वेळी तुझं तोंड माझ्यापेक्षा जास्त उतरलं होतं. जठरात गाठ हाय, ती यकृतात पसरलीय, कापून उपयोग न्हाई, हे डॉक्टरनं सुजितला सांगितलं तेव्हा मला ऐकू आलं न्हाई, पण सुजितकडं बघून कळलं. दोनदा औषध चढवलं. त्यानं मी आठ दिवस ओकत होतो आणि सुमन बाजूच्या खाटेवर रडत होती. तिसऱ्यांदा मी नको म्हणालो. सुजित अजून नाराज हाय. तो म्हणतो, दवाखान्यात ॲडमिट राहा, तिथं सगळी सोय असती.

मला दवाखान्यात मरायचं न्हाई. हे मी पाटीवर लिहू शकत न्हाई.

इथं चौथ्या मजल्यावर बरं हाय. खिडकीतून कंपन्यांच्या शेड दिसतात, आणि नव्या गाड्या लादलेले लांब ट्रक. दुपारी कंपनीच्या बसा जातात, सेकंड शिफ्टच्या. सुमनची खाट आणि माझी खाट शेजारी लावलीय. मी आता तिला उचलू शकत न्हाई, तनुजा उचलती. पण तिचा डावा हात माझ्या हाताला लागतो. मला इथंच राहायचंय.

तुझ्या बाईला विचार. पोटात कळ उठती ती कमी करायला आणि चार थेंब पाणी आत राहायला ती इथूनच काही करू शकंल का? मी ‘मला बरा करा’ म्हणत न्हाई.

उद्धव


संत तुकाराम नगर, पिंपरी
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय उद्धव,

विचारलं. बाईंनी आधी तुझे सगळे कागद पुन्हा बघितले. मग लिहिलं, ‘हो. हे मी करू शकते.’

त्या दवाखान्यातल्या तुझ्या डॉक्टरांशी बोलल्या. कळ थांबवायचं औषध चाकणलाच मिळेल अशी व्यवस्था केली. आठवड्यातून दोनदा एक नर्स घरी येईल, सुई, सलाइन, जे लागेल ते ती बघेल. आणि बाई एक दिवसाआड फोनवर तुला बघतील. सुजितशी त्या स्वतः बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मैत्री म्हणाली, सुजित शेवटी ‘बरं’ म्हणाला.

मला एक लिहायचं होतं. ऑगस्टमध्ये मी तुला लिहिलं, दवाखान्याच्या पायऱ्या चढायलाच नकोत, तुझ्यासारख्यानं तर हेच करावं. ते वाक्य मी विसरू शकत नाही. माझं पोट बरं झालं त्या आनंदात होतो. तुझं पत्र हातात होतं, पथ्य तू कशासाठी विचारतोयस हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मी तुला भोपळा नि दुधी सांगत होतो.

रविवारी येतो. कस्तुरा वहिनींसाठी नाचणीची लापशी देणार आहे.

अण्णा


चाकण
२३ मार्च २०२५

अण्णा,

हे तनुजा लिहिती, मी सांगतो. मला पेन धरवत न्हाई. मी सांगितलंय, जसंच्या तसं लिही.

तू ते ऑगस्टचं डोक्यातून काढ. तू लिहिलं नसतंस तरी मी कुठं गेलो नसतो. तुझ्या पत्रांनी मला एवढंच झालं की चार महिने मी एकटा नव्हतो. तू तिकडं मऊ भात खात होतास, मी इकडं. मला वाटायचं, दोघं डबा खायला बसलोय.

तुझी बाई आता माझी पण बाई झाली. तनुजा फोन खिडकीत उभा करती. बाई आधी विचारती, कळ किती? मी बोटं दाखवतो. मग तनुजाला शिकवती, पेज किती पातळ करायची, चमच्यानं कशी द्यायची, डोकं किती उचलायचं. मागल्या आठवड्यात तिनं सुमनला पण विचारलं. ‘काकू, तुम्ही झोपलात का? तुम्ही जेवलात का?’ सुमनला वाचता येतं, पण तीन वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे माझ्याकडूनच विचारायचे. सुमननं डाव्या हातानं पडद्याला हात लावला. त्यानं फोन बंद पडला आणि पुन्हा लावावा लागला.

कळ कमी हाय. झोप लागती. पाणी राहतं, पेज कधी राहती, कधी न्हाई.

सुमनचं काय होणार, हे एवढंच मनात येतं. ती आता तनुजाच्या हातचं पाणी पिती. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं.

तू रविवारी ये. पाटीवर लिहू नको काही. नुसता बस.

उद्धव


पुणे
२ मे २०२५

आदरणीय अण्णासाहेब काका,

सप्रेम नमस्कार. तुमच्या मागच्या दोन भेटी झाल्या नाहीत. मैत्रीताईंनी कळवलं की तुम्ही फोनसमोर बसायला तयार नाही, आणि रोजची माहितीही भरू देत नाही. तुमच्या गोळ्या बंद झालेल्या नाहीत ना, एवढीच मला आधी काळजी आहे. आतड्याची सूज शांत आहे म्हणजे गेली असं नाही. कृपया त्या चालू ठेवा.

हे पत्र मी कागदावर लिहिते आहे, कारण तुम्हाला पत्रं आवडतात असं उद्धवकाकांनी सांगितलं होतं.

उद्धवकाका गेले त्या सकाळी सुजितनं फोन लावला होता. मला खोलीचा एक कोपरा दिसत होता, तुमची पाठ दिसत होती. मी काही लिहिलं नाही, कारण वाचायला कुणी नव्हतं. नंतर फोन तसाच चालू राहिला आणि पडद्यावर बराच वेळ फक्त छत दिसत होतं. मी तो बंद केला नाही.

आमच्याकडे रुग्ण गेला की त्याचं खातं बंद करावं लागतं. ते करायला बसले आणि लक्षात आलं, की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मी उद्धवकाकांना एवढ्या वेळा पाहिलं, पण दरवेळी डोक्यापासून छातीपर्यंत. त्यांचं पोट मी कधी हातानं तपासलं नाही. त्यांना उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. ते कसे होते, ते मला सांगाल का? हे औषधासाठी विचारत नाही.

तुमची,
डॉ. प्राजक्ता


संत तुकाराम नगर, पिंपरी
११ मे २०२५

डॉक्टर मॅडम यांस,

सप्रेम जय भीम.

गोळ्या चालू आहेत. कस्तुरा हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत उभी राहते. फोनसमोर बसलो नाही कारण तुम्ही पहिला प्रश्न ‘कसे आहात’ असा लिहिला असता. पुढच्या भेटीला बसेन.

परवा चाकणला जाऊन आलो. सुमनवहिनी जेवतात. तनुजा त्यांना खिडकीजवळ बसवते. उद्धवची खाट अजून काढलेली नाही. सुजितला काढायची होती, वहिनींनी डाव्या हातानं तिचा कठडा धरला, म्हणून राहू दिली. मी त्या खाटेवर बसलो. त्या सकाळी तुम्हाला माझी पाठ दिसली, कारण मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. ओठ हलत होते, पण काय म्हणतो ते मला कळलं नाही. वहिनींनी ऐकलं असेल. मी त्यांना विचारलं नाही. ते त्यांच्यासाठी असेल.

तुम्ही विचारलंत, तो कसा होता. कधीपासून लिहायचं म्हणतोय.

मॅडम, तो उंच होता. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नाही. सहा फुटाला एखादं बोट कमी. प्रेस शॉपच्या स्टोअरमध्ये शिरताना त्याला मान खाली घालावी लागायची. कंपनीची व्हॉलीबॉलची टीम होती, तिच्यात तो जाळ्याशी उभा राहायचा आणि फारशी उडी न मारता चेंडू खाली आपटायचा. समोरच्या टीमचे लोक पंचाकडं तक्रार करायचे. तो हसायचा तेव्हा खांदे हलायचे, आवाज येत नसे. निदान मला येत नसे.

चालायचा लांब ढांगा टाकत. मी बुटका, मला त्याच्याबरोबर निम्मं पळावं लागायचं. कधी लक्षात आलं की थांबायचा आणि उगाच बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचा.

त्याच्या हातांना फार ताकद होती. एकदा प्रेसच्या खाली पत्रा अडकला आणि तो काढायला मी वाकलो. मशीन थांबलंय असं मला वाटलं, ते थांबलेलं नव्हतं. मागून कुणी ओरडलं असेल, मला ऐकू आलं नाही. त्यानं माझ्या कॉलरला धरून मला उचललं, अक्षरशः उचललं, आणि बाजूला ठेवलं. मग तो स्वतःच्या मशीनवर परत गेला. संध्याकाळी मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, ‘तुझी कॉलर फाटली, वहिनीला सांग माझ्यामुळं फाटली.’ त्याच हातांनी तो नंतर वहिनींना उचलायचा. शेवटी ते हात चादरीवर पडलेले असायचे, ते तुम्ही बघितलेत. ते त्याचेच होते, पण ते तसे नव्हते.

आणि एक. पहिली शिफ्ट सुटायची तेव्हा दुसऱ्या शिफ्टची माणसं आत येत असायची. गेटवर तोबा गर्दी. सगळे एकमेकांना हाका मारायचे, आपापल्या गावची, आपापल्या बसची माणसं शोधायचे. मला त्या गर्दीत काही ऐकू यायचं नाही, नुसती तोंडं उघडताना दिसायची, आणि कान नुकते जायला लागले होते तेव्हा मी घाबरून जायचो. हे त्याला कधी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. म्हणून तो माझ्याआधी बाहेर पडायचा आणि रस्त्यापलीकडं जाऊन नुसता उभा राहायचा. मी गेटबाहेर आलो की मान वर करायचो. सगळ्यांच्या डोक्यांच्या वर त्याचं डोकं दिसायचं, आणि मी तिकडं चालायला लागायचो.

आपला,
अण्णासाहेब ओव्हाळ